जुनी फियाट घ्यायची तर पत्र्यावरून घ्या

प्रश्न असा होता: घरी पूर्वी फियाट होती, आता तशीच एक घेऊन नीट करायची आहे. डिलाइट घ्यावी की पद्मिनी? बघायला जाताना काय तपासावं, काम कोणत्या क्रमाने करावं? रोज वापरायची नाही, पण रविवारी पुण्याहून लोणावळा-खंडाळ्यापर्यंत जाता आलं पाहिजे.

सगळ्यात आधी हे सांगतो की ही गाडी पत्र्यावरून घ्यायची असते, इंजिनावरून नाही. बहुतेक लोक बोनेट उघडतात, इंजिन चालू करून आवाज ऐकतात आणि "सेल्फला उठते, धूर नाही" म्हणून सौदा पक्का करतात. पण या गाडीत इंजिन हाच सगळ्यात सोपा आणि स्वस्तात होणारा भाग आहे. १०८९ सीसी, ६८ मिमी बोअर, ७५ मिमी स्ट्रोक, चार सिलिंडरचं साधं पुशरॉड इंजिन. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये ते साडेतीन दशकांहून जास्त काळ बनत होतं आणि मुंबईच्या हजारो काळ्या-पिवळ्या टॅक्सींनी त्याचा कस लावला. पिस्टन, रिंगा, बेअरिंग, गॅस्केट आजही मिळतात आणि ते उघडणारे जुने फिटरही अजून आहेत. सडलेला पत्रा, हरवलेली क्रोमची बीड (बाजूवरची सजावटीची पट्टी) आणि डोअरच्या बिघडलेल्या फटी मात्र पैसे ओतूनही लवकर जागेवर येत नाहीत. गाडीचं रूप तर सगळं त्यातच आहे.

मॉडेलबद्दल. १९५० च्या दशकातली गोल नाकाची, पुढची दारं उलटी उघडणारी ती आपल्याकडची 'डुक्कर फियाट'. ती दिसायला विलक्षण गोड आहे, पण पहिली जुनी गाडी म्हणून घेऊ नका. तिचे पत्र्याचे भाग आणि काचा मिळवण्यातच उत्साह संपतो. १९६४ मध्ये आली ती ११०० डिलाइट. मूळची इटालियन ११०० डी, मागे छोटेसे पंख, पुढच्या दारांत छोट्या त्रिकोणी काचा, सरळ ग्रिल आणि कमरेवरून जाणारी क्रोमची रेघ. १९७२ मध्ये फियाटचं नाव जाऊन तीच गाडी प्रीमियर प्रेसिडेंट झाली आणि १९७४ पासून पद्मिनी. म्हणजे डिलाइट आणि सुरुवातीची पद्मिनी सांगाड्याने एकच आहेत. फरक बिल्ला, ग्रिल, दिवे आणि आतल्या सजावटीचा. पुढे खर्च कमी करण्यासाठी क्रोमच्या जागी काळं प्लास्टिक येत गेलं. अगदी शेवटच्या गाड्यांत बकेट सीट आणि फ्लोअर गिअरही आले. चालवायला त्या सोप्या, पण ज्या रूपासाठी तुम्ही ही गाडी शोधताय ते त्यांच्यात निम्मंच उरलेलं असतं.

माझा कौल सत्तरच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या किंवा ऐंशीच्या सुरुवातीच्या, खासगी मालकाच्या, पूर्ण क्रोम असलेल्या पद्मिनीला. डिलाइट अपुरी मिळत असेल आणि पद्मिनी पूर्ण, तर पद्मिनीच घ्या. बिल्ले आणि ग्रिल नंतरही शोधता येतात.

आता पाहणी. जाताना कापडात गुंडाळलेलं छोटं चुंबक, टॉर्च, बोथट स्क्रू-ड्रायव्हर, फटी मोजायचं फीलर गेज, सिलिंडरमधला दाब मोजायचं कॉम्प्रेशन गेज आणि अंगाखाली घ्यायला जुनं पोतं न्या. गाडी धुतलेली, पॉलिश केलेली असेल तर बाहेरून बघण्यात वेळ घालवू नका, आधी खाली शिरा.

या गाडीला वेगळी चॅसी नाही. फरशी, दोन्ही बाजूंचे सिल (दारांखालचे पेटीसारखे लांब भाग) आणि त्यांना जोडणारे आडवे भाग मिळूनच सांगाडा होतो. सिल आतून सडला की गाडी मधून खचते आणि ते पहिल्यांदा दिसतं ते डोअरच्या फटीत. पुढचं आणि मागचं दार बंद करून मधली फट वरपासून खालपर्यंत पाहा. वर रुंद आणि खाली अरुंद किंवा उलट असेल, किंवा लावताना दार किंचित उचलावं लागत असेल, तर आधी बिजागरी हलवून पाहा. बिजागरी घट्ट असेल तर दोष सांगाड्यात आहे. अशी गाडी कितीही चकाकत असली तरी सोडून द्या.

खालून बघायच्या जागा या: सिलच्या तळाची शिवण, पुढच्या पायाजवळची फरशी (चटई आणि खालचा काळा डांबरी थर उचलून), जॅक लावायच्या जागा, मागच्या पाट्याचे (लीफ स्प्रिंगचे) पुढचे आणि मागचे हँगर, डिकीत स्पेअर व्हीलची जागा, बॅटरीचा ट्रे. पाट्याचे हँगर विशेष बघा, कारण मागची सगळी चाल (सस्पेन्शन) त्यांच्यावर लटकलेली असते. स्क्रू-ड्रायव्हरच्या मुठीने ठोका. चांगला पत्रा खणखणतो, सडलेला किंवा पुट्टी भरलेला बद्द वाजतो. संशय असेल तिथे मालकाला विचारून टोक दाबा. वर चुंबक फिरवायचं ते चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या चार इंचांत आणि पुढच्या-मागच्या काचेच्या रबराखाली. कापडासकट चुंबक चिकटलं नाही तर तिथे दोन-तीन मिलिमीटरहून जाड पुट्टी आहे. एखाद-दुसरी जागा चालते. पूर्ण पट्टा तसा असेल तर त्याखाली पत्राच नाही असं समजा.

काचेच्या रबरातून आत गेलेलं पाणी थेट पायाखाली उतरतं, म्हणून फरशी सडलेली दिसली की वरचं रबरही बघा. नुसती फरशी बदलून रबर तसंच ठेवलं तर नवा पत्राही काही पावसाळ्यांत जातो.

गाडी पूर्वी टॅक्सी होती का, हे स्वतः शोधा. टॅक्सी वाईटच असते असं नाही, पण तिची किंमत वेगळी आणि कागदही वेगळे. खुणा लपत नाहीत: डावीकडे बोनेटलगत मीटर बसवल्याची बुजवलेली भोकं, छताच्या कडेच्या गटरवर कॅरिअरचे ओरखडे, डिकीच्या फरशीला सीएनजी टाकीच्या ब्रॅकेटची भोकं आणि दारांच्या बिजागऱ्यांमागे, डॅशबोर्डखाली, डिकीच्या रबराच्या खाचेत राहून गेलेला काळा किंवा पिवळा रंग. बाहेरून रंगवणारा तिथे फारसा ब्रश घालत नाही. टॅक्सीचं परमिट रीतसर जमा होऊन गाडी खासगी नोंदली गेली आहे का, हे आरसी बुकात दिसलं पाहिजे.

त्यानंतर यादी करायची ती नसलेल्या वस्तूंची. पुढच्या-मागच्या बंपरचे सर्व भाग, चाकांच्या चारही कॅप, दिव्यांच्या रिंगा, बाजूची बीड आणि तिच्या क्लिपा, त्रिकोणी काचांच्या चौकटी, दारांची आतली-बाहेरची हँडलं, मीटरचा पूर्ण संच, स्टीअरिंगवरची हॉर्न रिंग. यातली हँडलं आणि काही चौकटी जस्ताच्या ओतीव मिश्रधातूच्या आहेत. त्यांना फोड येऊन खड्डे पडले की पुन्हा क्रोम धरत नाही. घासून, तांब्याचा जाड थर देऊन, परत घासून मग निकेल-क्रोम करावं लागतं आणि तरीही काही तुकडे वाया जातात. बंपर पोलादी असल्यामुळे ते होतात. दुकानाला "आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम" असं स्पष्ट सांगा. नुसत्या निकेलवर पातळ क्रोम मारलेला बंपर दोन पावसाळ्यांत पिवळट पडतो. दहा-बारा छोट्या वस्तू नसलेली 'स्वस्त' गाडी शेवटी पूर्ण गाडीपेक्षा महाग पडते, कारण त्या वस्तू एकेक करून, भाव सांगेल त्या भावाने घ्याव्या लागतात. पुण्यात नाना पेठ आणि जुना बाजार, मुंबईत ऑपेरा हाऊस आणि कुर्ल्याचा भंगार बाजार इथे विचारत राहावं लागतं. ताडून बघायला हातात आपली मोडकी वस्तू असू द्या. 'फियाटचं' म्हणून बरंच काही दाखवतात.

इंजिन तपासणं थोडक्यात होतं. गाडी थंड असताना जा. मालकाने आधीच गरम करून ठेवली असेल तर कारण विचारा. रेडिएटरचं झाकण काढा, डिपस्टिक पाहा. ऑइल चहासारखं झालं असेल किंवा इंजिन चालू असताना रेडिएटरमध्ये सतत बुडबुडे येत असतील तर हेड गॅस्केट गेलंय. हेड ॲल्युमिनियमचं आहे, गाडी एकदा जोरात तापली की ते वाकतं. चारही प्लग काढून, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून कॉम्प्रेशन घ्या. आकडा साधारण ११०-१३० पीएसआय येतो, पण त्याहून महत्त्वाचा चौघांमधला फरक. तो १५ च्या आत हवा. कमी आलेल्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल टाकून परत घ्या. आकडा चढला तर रिंगा, नाही चढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केट. अर्धा तास चालवून आल्यावर रिकाम्या चालीत (आयडलिंगला) ऑइलचा लाल दिवा लुकलुकत असेल तर बहुधा क्रँकची बेअरिंगं झिजली आहेत. यातलं काहीही असलं तरी गाडी नाकारू नका, किमतीत धरा. बोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन आणि क्रँक ग्राइंड करून दहा किंवा वीसची (इंचाच्या हजाराव्या भागात) बेअरिंगं, हे काम कोल्हापूरच्या उद्यमनगरात काय किंवा पुण्यातल्या कुठल्याही जुन्या मशीन शॉपमध्ये काय, नेहमीचं आहे. फक्त आधी किती वेळा बोअर झालंय ते पिस्टनच्या माथ्यावर कोरलेल्या आकड्यावरून बघा. शेवटच्या मापाला पोचलेला ब्लॉक असेल तर लाइनर (सिलिंडरच्या आत बसवायची नवी नळी) घालायचा खर्च वेगळा.

पुढची चाल मात्र नीट तपासा, कारण 'फियाट रस्ता सोडते' ही तक्रार तिथूनच येते. पुढचं एकेक चाक जॅकवर उचला. वर आणि खाली, म्हणजे घड्याळातल्या बारा आणि सहाच्या जागी धरून हलवा. ढिलं लागलं तर दुसऱ्याला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि परत हलवा. ब्रेक दाबल्यावर ढिलेपणा गेला तर व्हील बेअरिंग. राहिला तर किंगपिन, म्हणजे ज्या उभ्या पिनेवर चाक वळतं ती. बेअरिंग नट घट्ट करून किंवा बदलून सुटतं. किंगपिनला बुश दाबून, रीमर (भोक अचूक मापाला आणणारं हत्यार) मारून अचूक बसवावे लागतात. रीमर न मारता नुसते ठोकून बसवले की स्टीअरिंग जड होतं आणि वळणानंतर परत येत नाही. मग तीन आणि नऊला धरून हलवा. इथला ढिलेपणा टाय रॉड, आयडलर किंवा स्टीअरिंग बॉक्सचा. बॉक्सचा स्क्रू आवळून तो घालवू नका. मधोमध बरं वाटतं, पण पूर्ण वळवल्यावर बॉक्स अडकतो. ग्रीसच्या प्रत्येक निपलला दर दीड हजार किलोमीटरला गन लागली पाहिजे. निपल मातीने बुजलेले दिसले तर पिना झिजलेल्या असणारच.

स्टीअरिंगवरच्या गिअरला घाबरू नका. दांडी सैल झुलते ती बहुधा खालच्या रॉडचे छोटे बुश झिजल्यामुळे, गिअरबॉक्स चांगला असतो. दोन गिअरमध्ये अडकून बसला तर जबरदस्ती न करता इंजिन बंद करा, बोनेट उघडा, कॉलमच्या बुडाशी असलेले लिव्हर हाताने न्यूट्रलला आणा. बुश बदलले की हा प्रकार थांबतो. पहिल्या गिअरला सिंक्रो (चालत्या गाडीत गिअर अलगद बसवणारी रचना) नाही, तो गाडी थांबल्यावरच टाका. चालवताना खालून ठराविक वेगाला थरथर आली तर प्रॉपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्समधून मागच्या चाकांकडे जाणाऱ्या दांड्याचे) क्रॉस आणि मधल्या बेअरिंगचं रबर बघा.

ब्रेकच्या बाबतीत मी सवलत देत नाही. गाडी कशीही असो, घरी आणल्यावर मास्टर सिलिंडर, सगळे व्हील सिलिंडर, तिन्ही रबरी होस आणि ऑइल नवीन. चारही चाकांना ड्रम आहेत. उभ्या गाडीच्या सिलिंडरला आतून गंज धरलेला असतो आणि नवीन रबरी वॉशर त्या खडबडीत भिंतीवर महिन्याभरात फाटतात. म्हणून नुसती किट (रबरी वॉशरचा संच) टाकणं हे पैसे वाचवणं नाही. एकेरी सर्किटच्या गाडीत एक होस फुटला की चारही ब्रेक जातात. ड्रम लेथवर गोल करून घ्या, लायनिंग ड्रमच्या गोलाईला घासून बसवा, डॉट ३ ऑइल भरा आणि ब्लीडिंग (नळ्यांतली हवा काढणं) मास्टरपासून सगळ्यात लांबच्या चाकापासून सुरू करा. टायरवरचा चार आकडी कोड वाचा. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. नक्षी कितीही शिल्लक असो, दहा वर्षांहून जुने टायर काढून टाका. मूळ माप ५.२०-१४. रुंद टायर लावले की बिनपॉवरचं स्टीअरिंग आणि किंगपिन दोघांवर भार येतो, आणि गाडीची बारीक, उंच चणही बिघडते.

कागदपत्रं सौद्याआधी. चेसिस आणि इंजिन नंबर स्वतः वाचून, शक्य तर पेन्सिलीने कागदावर उतरवून आरसीशी ताडा. इंजिन बदललं असेल तर ते नोंदलेलं हवं. खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी फिटनेस करून वाढवावी लागते. ती कधी संपली हे सरकारच्या वाहन पोर्टलवर दिसतं, आणि उशिराचा दंड महिन्यामागे वाढत जातो, तो विक्रेत्याच्या किमतीतून वजा करा. फॉर्म २९ आणि ३० वर सही आरसीवर नाव असलेल्या माणसाचीच हवी. मालक वारले असतील तर वारसांमार्फत हस्तांतर झाल्याशिवाय पैसे देऊ नका. २०२१ च्या नियमाने पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं झालेली, मूळ स्वरूपातली खासगी गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते, पण अशी गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, इंधन आणि देखभाल एवढ्यापुरतीच परवानगी असते. तुम्हाला दर रविवारी फिरायचंय, तेव्हा साधी नोंदणी चालू ठेवणं बरं.

आता कामाचा क्रम. रंगाने सुरुवात करू नका, हाच इथला मोठा मोह. आधी ब्रेक, स्टीअरिंग आणि थंड करण्याची व्यवस्था नीट करून गाडी काही महिने आहे तशी चालवा. खरे दोष तेव्हा कळतात. मग पत्रा. सिल कापायचा असेल तर दारांच्या चौकटीत आडवा आणि तिरपा अँगल वेल्ड करून मगच कापा, एका वेळी एकच बाजू, आणि दर टप्प्याला दार लावून फट बघा. सीआरसीए (थंड लाटलेला) पत्रा वापरा, फरशीला १८ गेज, बाहेरच्या भागांना २०. पितळी टाक्याने ठिगळ लावू देऊ नका. त्याच्या फ्लक्सने कडेचा पत्रा पुन्हा गंजतो आणि पुढे तिथे वेल्डिंगही नीट धरत नाही. मिग वेल्डिंगचे छोटे छोटे टाके, जागा बदलत, नाहीतर सपाट पत्रा उष्णतेने फुगतो.

जुना रंग पूर्ण उतरवा. उघडा पत्रा त्याच दिवशी एपॉक्सी प्रायमरखाली गेला पाहिजे. रात्रभर दमट हवेत राहिला तर डोळ्याला न दिसणारा गंज धरतो आणि वर्षभरात तिथे फोड येतात. पुट्टी एपॉक्सीच्या वर, उघड्या पत्र्यावर नाही. सरफेसर (रंगाआधीचा घासायचा थर) मारून लांब ठोकळ्यावर ४०० नंतर ६०० चा कागद. या गाडीच्या बाजूंना लांब सौम्य फुगवटा आहे. हाताने घासलं की त्यावर लाटा राहतात, आणि कमरेची क्रोम रेघ बसवल्यावर त्या उठून दिसतात. रंग साधा, चमचम नसलेला घ्या. मेटॅलिक या आकाराला शोभत नाही. फिकट क्रीम, राखाडी, गडद हिरवा किंवा काळा यांत तिचं क्रोम खुलतं. काम पावसाळ्यात देऊ नका. रंगानंतर सिलच्या आत मेण-ऑइल फवारून घ्या आणि तळाची पाणी जायची भोकं मोकळी आहेत ना, ते तारेने तपासा. रंगारी ती नेहमी बुजवतात.

पुणे ते लोणावळा चढ फारसा नाही. खाली खोपोलीला उतरलात तर खरी परीक्षा परत बोरघाट चढताना. रेडिएटर उघडून रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घ्या, साधं पाणी न भरता कूलंट भरा (ॲल्युमिनियमचं हेड पाण्याने आतून खाल्लं जातं), आणि थर्मोस्टॅट काढून टाकायचा सल्ला ऐकू नका. तो नसेल तर इंजिन नेहमीच्या प्रवासात पुरेसं तापत नाही, पेट्रोल जास्त जातं आणि बोअर लवकर झिजतो. चढावर तापण्याचा उपाय स्वच्छ रेडिएटर, ताणलेला फॅनबेल्ट आणि बरोबर टायमिंग हा आहे.

उन्हाळ्यात चढून थांबल्यावर गाडी परत उठली नाही तर बहुधा पेट्रोल पंपात वाफ धरलेली असते. पंपावर ओलं फडकं ठेवा, दहा मिनिटं थांबा. वारंवार होत असेल तर पेट्रोलची नळी मॅनिफोल्डपासून लांब वळवा. हल्ली वीस टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने जुन्या रबराची वाट लागते. पंपाचा डायफ्रॅम इथेनॉल सोसणारा घाला, नळ्या फ्लोरो रबराच्या लावा आणि गाडी महिना-दोन महिने उभी राहणार असेल तर कार्ब्युरेटरचा फ्लोट चेंबर रिकामा करा, नाहीतर आत पांढरी पूड जमून जेट बुजतात. या पेट्रोलवर मिश्रण पातळ पडतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी. प्लगचं टोक खडूसारखं पांढरं दिसत असेल तर सोलेक्स कार्ब्युरेटरचा मेन जेट एक माप वाढवा. जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचा व्यास, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. त्याआधी थ्रॉटलची दांडी हलवून बघा. ती सैल असेल तर तिथून हवा जाते, आणि कितीही सेटिंग केलं तरी रिकामी चाल बसत नाही. डिस्ट्रिब्युटरच्या पॉइंटचा गॅप ०.४० ते ०.४५ मिमी, प्लगचा ०.६ च्या आसपास ठेवा.

हेडलाइट मिणमिणते असतील तर बल्ब बदलण्याआधी दोन रिले लावा. सगळा करंट जुन्या स्विचमधून जातो, तिथेच व्होल्टेज पडतं. बॅटरी, बॉडी आणि इंजिन यांमधल्या अर्थिंगच्या पट्ट्या घासून परत आवळा; सेल्फ मंद फिरण्याचं निम्मं कारण तिथे असतं.

इंजिन उघडून बांधलं असेल तर पहिले पाचशे किलोमीटर साठच्या आत, पण एकाच वेगाला धरून नको, कमी-जास्त करत चालवा. मग ऑइल बदला (२० डब्ल्यू ५० चालतं), आणि इंजिन रात्रभर थंड झालेलं असताना हेडचे नट मधून बाहेर या क्रमाने टॉर्क रेंचने परत आवळा, त्यानंतर टॅपेटची (व्हॉल्व्हची) फट लावा. बांधून देणारा फिटर "गरज नाही" म्हणाला तरी हे करून घ्या. नव्या गॅस्केटवर पाचशे किलोमीटरनंतर नट सैल होतातच, आणि ते तसेच ठेवून घाट चढवला की ॲल्युमिनियमचं हेड वाकतं.